तेलात मुरलेला वायू

काही वर्षांपूर्वी एका शीतयंत्रापुढे माझी अख्खी दुपार वाया गेली. यंत्रातला ड्रायर, म्हणजे ओलावा शोषून घेणारा भाग, बदलायचा होता, म्हणून आतला वायू रीतसर काढून सिलिंडरमध्ये घेतला, ड्रायर बदलला, जोड ब्रेझ केले, म्हणजे ज्योतीने धातू वितळवून सांधले, आणि व्हॅक्यूम पंप लावून तो तासभर चालवला. मापकावर समाधानकारक आकडा दिसू लागल्यावर झडप बंद केली आणि दहा मिनिटे थांबलो, तर आकडा सावकाश पण न थांबता वर चढत होता. गळती आहे असे गृहीत धरून नायट्रोजन भरला, प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावले. एकही बुडबुडा आला नाही. पुन्हा पंप, पुन्हा झडप बंद, पुन्हा चढता आकडा. तिसऱ्या खेपेला पंप चालू असताना मी कंटाळून कॉम्प्रेसरवर हात टेकवून उभा राहिलो, तेव्हा त्याचा खालचा, तेल साठलेले असते तेवढाच पट्टा हाताला स्पष्टपणे गार लागला. द्रवातून वायू सुटताना तो द्रवाची उष्णता घेऊन जातो, एवढे शाळेतले ज्ञान त्या क्षणी कामाला आले. यंत्राला छिद्र नव्हतेच. वायू आतच होता, तेलात मुरलेला होता, आणि मी तो बाहेर शोधत बसलो होतो.

‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे आपण संशयाने म्हणतो, कारण मुरलेले पाणी दिसत नाही आणि ते कधी, कोठून बाहेर येईल हेही सांगता येत नाही. वंगण तेलातल्या वायूचे वागणे नेमके असेच असते. तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागला. तेलात वायू किती मुरतो, याची कोष्टके आणि आलेख सहज मिळतात; तो किती वेळात मुरतो आणि ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो का, याकडे मात्र कामाच्या ठिकाणी फारसे कोणी पाहत नाही. माझ्या मते बहुतेक गोंधळ या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतो.

आधी पहिला प्रश्न. बोलताना आपण ज्याला सरसकट ‘गॅस’ म्हणतो ते प्रशीतक आणि कॉम्प्रेसरमधले तेल एकाच बंद आवरणात नांदतात, तेव्हा तेलाच्या पृष्ठभागावर प्रशीतकाचे रेणू सतत आदळत असतात. त्यांतले काही आत शिरतात, आतले काही बाहेर पडतात, आणि दोन्ही बाजूंची ये-जा सारखी झाली की समतोल साधतो. विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेला नियम असा, की विरघळलेल्या वायूचे प्रमाण त्याच्या दाबाच्या सम प्रमाणात असते. दाब कमी असेपर्यंत हा नियम तेलालाही बऱ्यापैकी लागू पडतो. पण प्रशीतक हा सहज द्रवरूप होणारा पदार्थ असल्यामुळे दाब त्याच्या संपृक्त दाबाजवळ, म्हणजे त्या तापमानाला ज्या दाबावर वाफेचा द्रव होऊ लागतो त्याच्याजवळ, पोहोचू लागला, की विरघळण्याचे प्रमाण सरळ रेषा सोडून उसळी मारते. तेथे राऊल यांचा नियम अधिक उपयोगी पडतो: तेलातील प्रशीतकाच्या रेणूंचा वाटा हा साधारणपणे प्रत्यक्ष दाब आणि त्या तापमानाचा संपृक्त दाब यांच्या गुणोत्तराइतका असतो.

या नियमातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. तेलाचा स्वतःचा बाष्पदाब जवळपास शून्य असतो. त्यामुळे यंत्र बंद पडले आणि सर्व भागांचे तापमान सारखे झाले, तरी बाष्पीभवकात, म्हणजे प्रशीतकाची वाफ होऊन थंडावा देणाऱ्या भागात, साठलेले द्रव प्रशीतक आणि कॉम्प्रेसरमधले तेल यांच्यात समतोल नसतोच. द्रव प्रशीतकाचा दाब तेलाशी समतोल साधायला लागणाऱ्या दाबापेक्षा कायम जास्त राहतो आणि प्रशीतक वाफेच्या रूपाने तेलाकडे सरकत राहते. ते आणि तेल एकमेकांत पूर्णपणे मिसळणारे असतील, तर तत्त्वतः शेवटचा थेंब तेलात जाईपर्यंत ही सरकण्याची क्रिया थांबत नाही. तेल थोडे जरी गरम ठेवले, तरी चित्र किती बदलते ते एका ढोबळ हिशेबाने दाखवतो. आर-१३४ए हे प्रशीतक २० अंश सेल्सिअसला द्रवरूपात असेल, तर त्याचा निरपेक्ष दाब सुमारे ५.७ बार असतो. तेलाचा रेणुभार ५५० धरला (प्रशीतकाचा १०२ आहे) आणि राऊल यांचा नियम जसाच्या तसा लावला, तर तेलही २० अंशांवर असताना मुरण्याला मर्यादा उरत नाही. तेल २५ अंशांवर असेल तर मिश्रणाच्या वजनात निम्म्याहून किंचित अधिक वाटा प्रशीतकाचा होतो, ३५ अंशांवर तो पाव भागावर येतो आणि ४५ अंशांवर सुमारे १५ टक्क्यांवर. प्रत्यक्षातली तेले या आदर्श नियमापासून थोडीफार ढळतात, पण आकड्यांची चाल हीच राहते. कॉम्प्रेसरच्या तळाशी बसवलेला छोटासा हीटर एवढे मोठे काम कसे करतो, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे: पहिल्या पाच-दहा अंशांचा फायदाच सर्वांत मोठा असतो.

घरगुती फ्रिजमध्ये यंत्र थांबल्यावरही बाष्पीभवक हाच सर्वांत थंड भाग राहतो, त्यामुळे प्रशीतक बहुतांशी तेथेच टिकते आणि तेलाला फारसा त्रास होत नाही. कॉम्प्रेसर उघड्यावर आणि बाष्पीभवक आत उबेत अशी मांडणी असेल, तर थंड रात्री कॉम्प्रेसरच सर्वांत थंड होतो, आणि मग सगळा ओघ तेलाकडे वळतो.

येथे दोन शब्दांची गल्लत टाळायला हवी. वायू तेलात विरघळणे ही एक गोष्ट आणि द्रव प्रशीतक द्रव तेलात मिसळून एकजीव होणे ही दुसरी. पहिलीला विद्राव्यता म्हणावे, दुसरीला मिश्रणीयता. आर-१२ आणि खनिज तेल कोणत्याही प्रमाणात एकजीव होत, त्यामुळे जुन्या कारागिरांना हा प्रश्न जाणवलाच नाही. आर-२२ आणि खनिज तेल गरम असताना एकत्र राहतात, पण थंडीत त्यांचे दोन थर होतात. ओझोनच्या थराच्या रक्षणासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर आर-१२ हटवून आर-१३४ए आणले गेले, तेव्हा ते खनिज तेलात जवळपास मिसळतच नाही ही अडचण समोर आली. तेल यंत्रभर हिंडून कॉम्प्रेसरमध्ये परत येईना. त्यावर उपाय म्हणून पॉलिओल एस्टर या कृत्रिम तेलांचा आधार घेतला गेला. ही तेले विमानांच्या जेट इंजिनांत आधीपासून वापरात होती. त्यांच्या रेणूंतील ऑक्सिजनयुक्त गट प्रशीतकाच्या रेणूंना जवळ करतात, पण तेच गट पाण्यालाही तितक्याच आपुलकीने जवळ करतात. म्हणून ही तेले हवेतील दमटपणा ओढून घेतात आणि पुढे पाण्यामुळे त्यांचे विघटन होऊन आम्ल तयार होते. डब्याचे झाकण उघडे ठेवू नका, असे नवशिक्यांना पुन्हा पुन्हा बजावले जाते ते यासाठीच.

दोन थर होण्यात तिसरी एक खोच आहे. थर झाले की वर कोण आणि खाली कोण, हे घनता ठरवते. आर-२२ किंवा आर-१३४ए द्रवरूपात तेलापेक्षा जड असतात, त्यामुळे थंड कॉम्प्रेसरमध्ये प्रशीतकाचा पातळ थर तळाशी आणि तेल वर, अशी स्थिती येते. तेलाच्या पंपाचे तोंड तळाशीच असते. यंत्र सुरू होताच बेअरिंगला तेलाऐवजी पाण्यासारखे पातळ प्रशीतक मिळते आणि उरलेसुरले वंगणही धुऊन निघते. अमोनियाचे नेमके उलटे आहे. द्रव अमोनिया तेलापेक्षा हलका असतो आणि खनिज तेलात मिसळतही नाही, म्हणून तेल भांड्याच्या तळाशी जमते आणि ते तेथील झडपेतून काढता येते. कार्बन डायऑक्साइडचे वागणे तर मला नेहमीच गमतीचे वाटत आले आहे: थंड असताना तो तेलापेक्षा जड असतो, थोडा गरम झाला की हलका होतो, आणि मग थरांची अदलाबदल होते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो: वेळ किती लागतो? अॅडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये विसरणाचा नियम मांडला. एखादा पदार्थ दाट ठिकाणाकडून विरळ ठिकाणाकडे सरकतो, आणि त्याची गती त्या दोन ठिकाणांमधील प्रमाणाच्या उतारावर अवलंबून असते. उताराला ज्या संख्येने गुणायचे तो विसरण गुणांक. नेहमीच्या तापमानाला प्रशीतकाच्या रेणूंचा तेलातला विसरण गुणांक सेकंदाला एका चौरस मीटरच्या सुमारे दहा अब्जाव्या भागाच्या आसपास असतो. तेल जाड असेल तर त्याहून कमी, गरम असेल तर काही पट जास्त. हा आकडा डोळ्यांपुढे काहीच उभे करत नाही, म्हणून तो वेळेत मांडून पाहू. थराच्या जाडीचा वर्ग करून या गुणांकाने भागले, की थर भरायला लागणारा अंदाजे काळ मिळतो. एक मिलिमीटर जाडीच्या स्थिर तेलाला पावणेतीन तास लागतात. एक सेंटिमीटरला साडेअकरा दिवस. तीन सेंटिमीटर खोल तेलाला साडेतीन महिने.

हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा काहीतरी चुकले असावे असे वाटले, कारण एका रात्रीत कॉम्प्रेसरमधले तेल प्रशीतकाने भरून गेलेले मी स्वतः पाहिले होते. हिशेब चुकला नव्हता. तेल स्थिर राहते हे गृहीतक चुकले होते. पुढे एका प्रयोगात जाड काचेच्या दाबपात्रात हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. पात्रात दोन बोटे पॉलिओल एस्टर तेल होते, मागे दिवा ठेवला होता, आणि वरच्या रिकाम्या जागेत आर-१३४ए हळूहळू सोडले. मिनिटभर काही दिसले नाही. मग तेलाच्या पृष्ठभागाखाली, रस्त्यावरच्या तापलेल्या हवेत दिसतात तशा, थरथरत्या रेषा उमटल्या. त्या एका जागी राहिल्या नाहीत. त्यांच्या बारीक धारा झाल्या, धारा तळाकडे उतरू लागल्या, तळाशी पसरल्या आणि बाजूंनी ताजे तेल वर येऊ लागले. सगळे अगदी संथ, पण न थांबता. पृष्ठभागाजवळच्या तेलात प्रशीतक मुरले की तो थर खालच्या तेलापेक्षा जड होतो, कारण द्रव आर-१३४ए ची घनता खोलीच्या तापमानाला पाण्याच्या सव्वापटीच्या जवळ जाते, तर तेलाची पाण्याएवढी किंवा किंचित कमी असते. जड थर बुडतो, त्याच्या जागी हलके, कोरे तेल पृष्ठभागावर येते आणि पुन्हा भरून घेते. महिन्यांचे काम काही तासांवर येते ते या आपोआप चालणाऱ्या घुसळणीमुळे. रेणूंचे प्रत्यक्ष विसरण फक्त वरच्या पातळ सालीत घडते. पुढची वाहतूक गुरुत्वाकर्षण करते.

त्याच पात्रात खनिज तेल आणि आयसोब्युटेन, म्हणजे आर-६००ए, घेतले तेव्हा धारा उतरल्याच नाहीत. द्रव आयसोब्युटेनची घनता पाण्याच्या जेमतेम ५५ टक्के असते, त्यामुळे ते मुरलेला थर तेलापेक्षा हलका होतो आणि वरच तरंगत राहतो. दिव्याच्या प्रकाशात पृष्ठभागाखाली एक अस्पष्ट आडवी पट्टी दिसत होती आणि ती इतक्या सावकाश खाली सरकत होती, की तिची जागा पाहण्यासाठी काचेवर पेनाने खूण करावी लागली. येथे फिक यांचा नियम कोणाच्याही मदतीवाचून, एकटाच काम करत होता. अशा स्थितीत मुरलेल्या वायूचे प्रमाण वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते: एका तासात जेवढा मुरतो त्याच्या दुप्पट मुरायला चार तास लागतात आणि तिप्पट मुरायला नऊ. म्हणून विसरण गुणांक मोजायचा असेल तर हलक्या वायूची जोडी सोयीची पडते. बंद पात्रातला दाब कसा उतरतो तेवढे टिपायचे. मात्र तापमान अंशाच्या काही शतांशांत स्थिर ठेवावे लागते. नाहीतर खोलीतल्या हवेची चाल आपण तेलाच्या नावावर लिहून मोकळे होतो.

विसरण गुणांक स्वतः स्थिर नसतो, हेही सांगायला हवे. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे द्रव जितका श्यान, म्हणजे जाड, तितका त्यातला कण हळू सरकतो. प्रशीतकाचा रेणू तेलाच्या लांबलचक रेणूंपेक्षा फारच लहान असल्यामुळे तो त्यांच्या मधल्या फटींतून वाट काढतो, आणि श्यानता दहापट वाढली तरी त्याची गती दहापट कमी होत नाही. पण कमी होते हे नक्की. आता गंमत अशी, की जो वायू मुरतो तोच तेलाला पातळ करतो, आणि पातळ झालेल्या तेलात मागून येणारा वायू अधिक वेगाने सरकतो. पहिल्या वाटसरूंनी गवत तुडवून पायवाट पाडावी आणि मागच्यांनी तिच्यावरून झपाझप चालत यावे, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच त्या काचेच्या पात्रातल्या पट्टीची खालची कड वरच्या भागापेक्षा ठळक दिसत होती.

पातळपणाचा हा परिणाम साधा नाही. डब्यावर आयएसओ व्हीजी ३२ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ ४० अंशांना ते तेल ३२ सेंटीस्टोक श्यानतेचे आहे. पण हा आकडा कोऱ्या तेलाचा असतो. पाचवा हिस्सा प्रशीतक मुरलेले तेच तेल त्याच तापमानाला निम्म्याहूनही बरेच पातळ झालेले असते. बेअरिंगला डब्यावरचे तेल कधीच मिळत नाही, त्याला मिळते ते मिश्रण. दाब, तापमान, प्रमाण आणि श्यानता या चारही गोष्टी एकाच ठिकाणी दाखवणारे आलेख तेल तयार करणारे देतात, आणि तेलाची निवड त्यांवरूनच व्हायला हवी. त्यांतून एक अनपेक्षित गोष्ट दिसते: ठरावीक दाबाखाली तापमान वाढवत नेले, तर मिश्रण आधी जाड होत जाते, कारण वायू बाहेर पडतो, आणि वायू बहुतेक संपल्यावर मग नेहमीच्या तेलासारखे पातळ होऊ लागते. म्हणजे थंड तेल जाड आणि गरम तेल पातळ ही आपली सवयीची समजूत येथे काही टप्प्यापर्यंत उलटी ठरते.

आत जाण्याची वाट ही अशी. बाहेर येण्याची वाट अगदी निराळी आहे. दाब एकदम उतरला की तेलात मुरलेला वायू पृष्ठभागापर्यंत सरकत येण्याची वाट पाहत नाही. तो जागच्या जागी बुडबुडे धरतो. धातूच्या खरखरीत जागा, तेलातले कण, आधीचे सूक्ष्म बुडबुडे हे सगळे त्याला आरंभबिंदू म्हणून पुरतात. प्रत्येक बुडबुड्याभोवती विसरणाचे अंतर मिलिमीटरच्याही अंशात असल्यामुळे जे काम आत जाताना तासांचे होते ते बाहेर येताना सेकंदांचे होते. रात्रभर भरलेला कॉम्प्रेसर सकाळी सुरू होतो तेव्हा हेच घडते. आतला दाब काही सेकंदांत कोसळतो, तेल फेसाळून पसरते, साइट ग्लास, म्हणजे आतले तेल पाहण्याची काच, पांढरी होते, फेस थेट सिलिंडरच्या तोंडापर्यंत चढतो आणि तेल यंत्रात बाहेर फेकले जाते. पंप फेस ओढतो, बेअरिंग कोरडे पडते. फेसाचा अगदी उपयोगच नसतो असे नाही. थोडा फेस आवरणातला आवाज दाबतो, आणि काही शांत वाटणाऱ्या कॉम्प्रेसरांच्या शांतपणात त्याचाही वाटा असतो. पण पहिल्या मिनिटातला फेस हा नुकसानीचाच. म्हणूनच वीज बराच काळ बंद असलेले मोठे यंत्र सुरू करण्यापूर्वी कित्येक तास हीटर चालू ठेवा, अशी सूचना असते. लोक ती पाळत नाहीत, कारण गरम व्हायला एवढा वेळ कशाला, असे त्यांना वाटते. तेल गरम व्हायला तेवढा वेळ लागत नाही हे खरेच आहे. वेळ लागतो तो मुरलेला वायू निघून दुसरीकडे जायला.

यंत्र चालू असताना तेल सतत उडत, सांडत, पातळ थरांत पसरत असते, त्यामुळे तेथे समतोल लवकर साधतो. दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या, जाडीचा थर सेकंदाभरात भरतो किंवा रिकामा होतो. तरीही काही ठिकाणी वेळ अपुरीच पडते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये एक फेरा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपतो. तेवढ्या वेळात वायू सिलिंडरच्या भिंतीवरच्या तेलात जेमतेम दीड मायक्रॉन खोल शिरतो. तेवढाच वायू दाबाच्या वेळी तेलात लपतो आणि ओढीच्या वेळी बाहेर येऊन नव्या वायूची जागा अडवतो. विसरण इतके संथ आहे म्हणून हे नुकसान किरकोळ राहते. ते वेगवान असते तर प्रत्येक फेऱ्याला तेलाने बराच मोठा वाटा गिळून परत टाकला असता.

आर-६००ए वर चालणाऱ्या फ्रिजच्या बाबतीत मुरलेल्या वायूचा हिशेब विशेष काटेकोरपणे ठेवावा लागतो, कारण भरायचा वायूच मुळात काही दशक ग्रॅम असतो. समजा, ५० ग्रॅम वायू आणि १८० ग्रॅम तेल आहे. मिश्रणाच्या वजनाच्या अवघे पाच टक्के वायू तेलात राहिला, तरी तो साडेनऊ ग्रॅम होतो, म्हणजे एकूण वायूच्या जवळपास पाचवा हिस्सा. वेगळ्या मात्रेचे तेल असलेला कॉम्प्रेसर बसवला आणि वायू मात्र जुन्या पाटीवरच्या वजनाइतकाच भरला, तर यंत्र अर्धपोटी किंवा अजीर्ण होईपर्यंत भरलेले का वाटते, ते यावरून कळते. आणि हा वायू ज्वलनशील आहे. वायू काढून घेतला, मापक शून्यावर आले, म्हणून लगेच ब्रेझिंगची ज्योत लावणे धोक्याचे असते. नळी तापते, तेल तापते, आणि मुरलेला वायू नेमका ज्योतीच्या तोंडाशी येतो. अशा यंत्रात आधी कॉम्प्रेसर कोमट करून वायू काढावा, नायट्रोजन फिरवावा, पुन्हा निर्वात करावे, आणि शक्य असेल तेथे नळी ज्योतीने सोडवण्याऐवजी कटरने कापावी.

आता त्या वाया गेलेल्या दुपारचा हिशेब. त्या यंत्रात आर-१३४ए होते, यंत्र काही दिवस थंड जागेत बंद पडून होते आणि त्याच्या हीटरची वीजही तोडलेली होती. तेल भरलेले असणार हे मला आधीच सुचायला हवे होते. पंप लावल्यावर सुरुवातीला बुडबुड्यांच्या वाटेने बराच वायू निघाला असणार. पण बुडबुड्याला आपल्या डोक्यावरचे तेल उचलून वाढावे लागते. तीन सेंटिमीटर तेलाचे वजन सुमारे दोन मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाइतके असते. तळाच्या तेलातला वायू तेवढा दाब देईनासा झाला की तेथे बुडबुडे थांबतात, मग वर पंपाने कितीही खोल निर्वात केले तरी फरक पडत नाही. तेथून पुढे उरते ते फक्त विसरण. आणि आत जाताना ज्या घनतेने मदत केली होती तीच आता आडवी येते: पृष्ठभागावरचे, वायू निघून गेलेले तेल हलके असल्यामुळे वरच बसून राहते आणि खालच्या भरलेल्या तेलाला झाकून टाकते. तासभराच्या पंपिंगने असा फक्त अर्धा-पाऊण मिलिमीटरचा थर मोकळा होतो. शिवाय ते तेल गार पडलेले, म्हणजे विसरण आणखी मंद.

माझी खरी चूक त्या दहा मिनिटांची होती. गळती असेल तर बाहेरची हवा ठरावीक गतीने आत येते आणि आकडा सरळ रेषेत चढत राहतो. तेलातून वायू सुटत असेल तर चढ हळूहळू वाकतो आणि थांबतो, हे मला माहीत होते, आणि मला दिसलेली रेषा सरळ होती. पण तासभर पंप चालवल्यावर तेलातला उतार इतका पसरलेला असतो, की पुढच्या काही मिनिटांत तो फारसा बदलत नाही. हिशेब करून पाहिला तर पहिल्या दहा मिनिटांत जितका वायू सुटतो जवळजवळ तितकाच दुसऱ्या दहा मिनिटांत सुटतो. वाकलेली रेषा सरळ रेषेपासून वेगळी ओळखू येण्यासाठी निदान तास-दीड तास थांबायला हवे होते, आणि तोवर मी साबणाचे पाणी घेऊन जोड तपासत होतो. त्या संध्याकाळी हीटरला वीज जोडली, पंप रात्रभर तसाच चालू ठेवला आणि सकाळी झडप बंद करून या वेळी दोन तास थांबलो. सुरुवातीला आकडा किंचित चढला, अर्ध्या तासात जागच्या जागी थांबला आणि नंतर हलला नाही.